नासपतीखालचा माणूस

४ मार्च १६४५, शनिवार

सहा वर्षांनी ही वही बाहेर काढली. शेवटचं पान पोलंडातल्या लेश्नोहून, आमचे पळालेले लोक राहतात तिथून, पत्र आलं त्या दिवसाचं आहे. माझा नवरा मातोउश खोकल्यानं गेला आणि आमचा मुलगा डानिएल स्वीडी सैन्यात भरती झाला, असं कुणीतरी परक्या अक्षरात कळवलं होतं. त्यानंतर घडलं पुष्कळ, मी लिहिलं नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र मी कधीच लिहून ठेवली नव्हती, ती आज लिहिते. सतरा वर्षांपूर्वी सम्राटाचं फर्मान आलं की आमचा बंधुसमाजाचा पंथ सोडून सगळ्यांनी रोमचा धर्म घ्यायचा. मोठ्या लोकांना देश सोडून जायची तरी मुभा होती, आम्हां जहागिरीच्या माणसांना तीही नव्हती. मातोउश नऊ वर्षांच्या डानिएलला घेऊन चोरून गेला. ज्युदिता तेव्हा अकरा दिवसांची होती आणि मी बाळंतिणीच्या खाटेवर. "बर्फ वितळला की तुला न्यायला माणूस पाठवतो," म्हणाला. माणूस आला नाही. त्या ईस्टरला मी देवळात गुडघे टेकले, तोंड उघडलं आणि त्यांच्या हातची पवित्र भाकर घेतली. गिरणी राहिली.

आज सम्राटाचे घोडेस्वार येऊन पीठ आणि उरलेलं एक डुक्कर घेऊन गेले. हावेल त्यांना म्हणाला, "अहो, उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत, डुक्कर खाल्लंत तर पाप लागेल." त्यातला एक म्हणाला, "मग आम्ही त्याला मासा म्हणू." हावेल हसला. सत्तरी उलटली आहे त्याची, माझ्या वडिलांपासून या गिरणीत आहे. दात नाहीत, पण हसणं सुटत नाही.

लोक म्हणतात स्वीडी सैन्य यान्कोव्हच्या टेकड्यांपलीकडे येऊन ठेपलंय. त्यांच्यात आमच्या हद्दपार झालेल्या लोकांची पोरं आहेत म्हणे.

ज्युदिता म्हणाली, "आई, थंडी आत येतेय. दार लाव."

मी दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

६ मार्च, सोमवार

उजाडायच्या आधीपासून तोफा. आम्ही तिघं चाकाखालच्या खड्ड्यात बसून होतो. चाक गोठलेलं, तरी प्रत्येक आवाजासरशी त्याच्यावरून बर्फाचे तुकडे गळायचे. दुपारी वाटलं थांबलं. मग पुन्हा सुरू.

ज्युदितानं सबंध दिवस माझा हात धरला नाही. हावेलचा धरला.

७ मार्च

सम्राटाची फौज मोडली. सेनापतीसुद्धा धरला गेला म्हणतात.

सकाळी स्वीडी सैन्याचे पाच स्वार आले. त्यातला एक पांढऱ्या मिशांचा माणूस चक्क आमच्या भाषेत म्हणाला, "मालकीणबाई, काही खायला आहे का?" लिटोमिश्लचा निघाला, आमच्याच बंधुसमाजातला. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या चुलीशी बसून आपली प्रार्थना मोठ्यानं म्हटली. मी छपरात लपवलेली डुकराची खारवलेली मांडी काढली. हावेलनं डोळे वटारले, पण मी काढली.

मी विचारलं, "डानिएल नावाचा कुणी आहे का तुमच्यात? गिरणीवाल्याचा मुलगा. सव्वीस वर्षांचा."

तो चावता चावता थांबला. "डानिएल... हो, होता की एक. आमच्या पथकात नाही, शेजारच्या. उंच. केस तांबूस?"

"तांबूस! माझ्या वडिलांसारखे."

"तोच. काल सकाळी तळ्याकडच्या झाडीत गोळीबार झाला तेव्हा तिकडंच होता तो. तिथून फारसं कुणी परत आलं नाही, बाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून थोडं कापता का? वाटेत खायला."

मी सगळी मांडी त्याला दिली. देवानंच धाडला त्याला.

१० मार्च

कारभाऱ्याचा माणूस गावोगाव फिरला: प्रत्येक घरातून दोन माणसं, फावडी आणि कुदळी घेऊन. मी आणि हावेल गेलो. ज्युदिताला मी येऊ दिलं नाही.

जमीन लोखंडासारखी आहे. कुदळ मारली की ठिणगी उडते. त्यामुळे खड्डे कुणी खणत नाही, ओघळीत ओढून टाकतात आणि वरून फांद्या. सगळे उघडे. पहिल्याच संध्याकाळी कपडे, बूट, सगळं काढून नेलेलं. कुणी नेलं ते विचारायला नको, अर्ध्या गावाच्या पायात आज नवे बूट आहेत. उघडं माणूस कुठल्या धर्माचं, कुठल्या बाजूचं, काही कळत नाही. पालथे होते त्यांना मी उलटं करत गेले. मुकादम ओरडला, "ए बाई, तोंडं कसली बघतेस? पाय धर आणि ओढ!"

मी पाय धरत होते आणि तोंडंही बघत होते.

११ मार्च

सापडला.

तळ्याच्या काठी, ऑल्डरच्या झाडीत, त्या म्हाताऱ्या स्वारानं सांगितलं अगदी तिथंच. तांबूस केस. उजव्या कानाची पाळी माझ्या वडिलांसारखी, चिकटलेली. चेहऱ्याची डावी बाजू नाही.

हावेल बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मालकीण, या माणसाची चाळिशी उलटलीय."

"लढाईत माणूस लवकर पिकतो."

"दाढीत पांढरं आहे."

"मातोउशची दाढीही लवकर पांढरी झाली होती."

"तुम्हाला कसं माहीत? ते गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते."

मी त्या देहाचे पाय पुसायला घेतले. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. जुनी जखम, भरून आलेली. किती सोसलं असेल माझ्या लेकरानं. गळ्यात दोरा आणि त्यात कथलाचं पदक होतं, मारियाचं, रोमच्या धर्माचे लोक घालतात तसं. लुटणाऱ्यांनी कवडीमोल म्हणून सोडलं असेल. हावेलनं ते बोटानं उचलून मला दाखवलं. यात न कळण्यासारखं काय आहे? सैनिक एकमेकांच्या वस्तू घेतात. मेलेल्या शत्रूच्या गळ्यातून घेतलं असेल.

लाकडं ओढायच्या घसरगाडीवर घालून आणला. मुकादमाला हावेलनं सांगितलं, सरपण आहे.

१३ मार्च, सोमवार

मागच्या बागेत नासपतीच्या झाडाखाली काल दिवसभर शेकोटी पेटवून जमीन मऊ केली. आज सकाळी धुकं दाट होतं, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, तेव्हा खणलं. ढेकळाढेकळानं जमीन सुटत गेली.

त्याआधी मी त्याला आंघोळ घातली. पाणी कोमट केलं. ज्युदिता घडा आणून द्यायची आणि मान वळवून उभी राहायची. मी म्हटलं, "बघ, तुझा भाऊ आहे." ती म्हणाली, "मी त्याला कधी पाहिलंच नाही आई, मला काय कळणार." तिचं बरोबर आहे.

मातोउशचा लग्नातला सदरा घातला. खांद्यांत आखूड झाला, पाठीमागून फाडावा लागला. आपल्या पंथाचं जुनं गाणं म्हटलं, हळू आवाजात. हावेल पुटपुटला, ज्युदिता गप्प राहिली. ते पदक मी गिरणीच्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आत सोडलं. आपल्या माणसाच्या गळ्यात तसलं काही नको.

आता मला ठाऊक आहे तो कुठे आहे. सतरा वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. दुपारी बसल्या बसल्या झोप लागली, स्वप्न नाही, काही नाही.

१६ मार्च

बर्फ सुटू लागला. चाक फिरलं. पण दळायला कुणी येत नाही. म्हणतात, पाट लढाईच्या मैदानातून येतो, त्या पाण्यावरचं पीठ नको. पाण्याला वास आहे हे खरं.

दुपारी पीठ चाळत होते. वरच्या माळ्यावर कुणीतरी चाललं. एक पाय नीट पडत होता, दुसरा घासत. मी वर गेले. पोती होती. परत खाली आले, तर आवाज नाही. चाकाच्या फळ्या सुकून पुन्हा भिजल्या की असे आवाज करतात.

१८ मार्च

एक बाई आली आहे. सम्राटाच्या सैन्याच्या सामानगाड्यांबरोबरची, बव्हेरियाची. स्वीडी लोकांनी गाड्या लुटल्या आणि बायकांना सोडून दिलं. पोट सात-आठ महिन्यांचं. नाव वालबुर्गा. बाजारात लागते तेवढी जर्मन मला येते, ज्युदिताला जास्त.

चुलीजवळ बसली आणि बूट काढायच्याही आधी म्हणाली, "मालकीणबाई, मी नवऱ्याला शोधतेय. फाइट नाव. बव्हेरियाच्या घोडदळात होता. तुम्ही लोक पुरायला गेला होतात ना?"

"पुष्कळांना पुरलं."

"त्याला ओळखणं सोपं आहे. केस गाजरासारखे. आणि डाव्या पायाला तीनच बोटं. मागं एका वेढ्यात बूट फाटले होते, तेव्हा गारठून गेली. लंगडायचा, पण घोड्यावर बसला की कुणाला कळायचं नाही." ती हसली. "मला लग्नानंतर कळलं. त्यानं मोजे काढलेच नव्हते."

हावेल चुलीत लाकूड सारत होता. तो सारतच राहिला.

मी म्हटलं, "नाही. असा कुणी आम्ही नाही पाहिला."

मग म्हटलं, राहा, अशा पोटानं कुठं जाशील. उपासाच्या दिवसांत परक्याला आसरा द्यावा असं दोन्ही धर्म सांगतात.

कित्येकांची बोटं थंडीनं जातात. निम्म्या सैन्याची जात असतील.

२२ मार्च

ती रोज सकाळी टेकडीवर जाते आणि दुपारी परत येते. ओघळीतल्या फांद्या बाजूला करून बघते. काल एक कोल्हा तिच्यासमोरून गेला, तोंडात काय होतं ते तिनं सांगितलं नाही. आल्यावर आधी हात धुते, मग कामाला लागते, न सांगता. जवाची पेज माझ्यापेक्षा चांगली करते. ज्युदिता तिच्याशी हसते. या घरात ज्युदिता इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं.

आज दमून आली आणि थेट नासपतीखाली जाऊन बसली. तिथली माती मोकळी, म्हणून कोरडी. पाय लांब करून, पाठ खोडाला टेकून. मी खिडकीतून ओरडले, "तिथं बसू नकोस!"

"का? काय आहे इथं?"

"गाय मेली होती," मी म्हटलं. "पुरलीय तिथं."

"अरेरे," ती म्हणाली आणि उठली.

ज्युदिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेली.

मी माझ्या मुलाला गाय म्हटलं. एकदा देवळात गुडघे टेकून सगळ्यांना नाकारलं होतं, आणि आता हे.

२७ मार्च

पावलं रोज आहेत. फक्त दिवसा. मी एकटी असते तेव्हा. मी सांडपाणी टाकायला वाकले की मागं कुणी उभं राहतं. ओल्या लोकरीचा वास येतो. वळले की नाही.

मी त्याच्याशी बोलले आज. म्हटलं, डानिएल, तू घरी आलायस, आता बस. त्यावर पावलं थांबली नाहीत. त्याला ते नाव आपलं वाटत नसेल. लहानपणी मी त्याला वेगळ्या नावानं हाक मारायची. तीही मारून पाहिली.

हावेलला विचारलं तुला काही ऐकू येतं का. म्हणाला, "मला एका कानानं ऐकू येत नाही मालकीण, आणि दुसऱ्यानं मी ऐकत नाही." मग जाता जाता म्हणाला, "तो दार शोधत असेल."

२ एप्रिल, रविवार

देवळातून येताना ज्युदितानं मला पुलावर अडवलं. वालबुर्गा पुढं गेली होती, हावेलच्या हाताला धरून. आता चालताना तिला धाप लागते.

"तिला सांग."

"काय सांगू?"

"आई, मी मूर्ख नाही."

"तो तुझा भाऊ आहे."

"माझा भाऊ असता तर मी तुझ्यासाठी रडले असते. तू त्याला ओळखलं नाहीस. तुला कुणीतरी हवं होतं." ती पुलाच्या कठड्यावरचा बर्फ नखानं खरवडत होती. "सतरा वर्षं मी इथं आहे. तू मला कधी असं उलटून बघितलंस?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी राहिले."

"माहीत आहे. रोज आठवण करून देतेस."

"मी एक शब्द कधी बोलले नाही!"

"बोलावं लागत नाही तुला," ती म्हणाली.

घरी आल्यावर दोघींनी मिळून वाटाणे निवडले.

५ एप्रिल

वालबुर्गा आता मैदानावर जात नाही, जाववत नाही. आज म्हणाली, "मालकीणबाई, एक विचारू? तुम्ही लोक पुरताना काही म्हणायचात का? प्रार्थना वगैरे?"

"वेळ नव्हता."

"हं." ती पोटावरून हात फिरवत राहिली. "तो तसा फार देवभोळा नव्हता. पण माझ्या आईनं दिलेलं पदक काढत नसे. म्हणायचा, देवाचं माहीत नाही, तुझ्या आईची भीती वाटते."

मी तळ्यावर गेले. बर्फ कधीच गेला. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. बाहेरच्या फळीवर पालथी झोपून हात खांद्यापर्यंत आत घातला. चिखल आला. पुन्हा घातला. बोटं बधिर होईपर्यंत घालत राहिले. हावेलनं येऊन मला उठवलं.

कशासाठी हात घातला ते मी त्याला सांगितलं नाही. मलाही नीट सांगता येणार नाही.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सकाळपासून कळा. मूल आडवं होतं. सुईण गावात उरलेली नाही, जानेवारीच्या तापात गेली. मीच हात लावला, मेंढ्यांना लावते तसा. दुपारपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले. एका कळेच्या नंतर तिनं माझं मनगट धरलं.

"मी गेले तर तुम्ही शोधाल त्याला? वचन द्या. कोल्ह्यांना नको द्यायला. कुठंही पुरा, पण जमिनीखाली. वचन द्या, बाई."

ज्युदिता तिच्या डोक्याशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पाहायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "वचन देते."

तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. निळी होती. ज्युदितानं तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, आणि ती रडली. दोघी जगल्या.

जे आधीच झालेलं आहे त्याचं मी वचन दिलं. कान, केस, बोटं, सदरा खांद्यांत आखूड. सगळं मी माझ्या हातानं या वहीत लिहून ठेवलंय. आज बसून मागची पानं वाचली. वाचणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

१२ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

ती खाटेवर बसून पेज पीत होती, मूल मांडीवर. मी उभी राहून सांगितलं, सगळं, पदकासकट. हावेलला बोलावलं होतं, कारण माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही असं वाटलं. तो टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

तिनं वाडगा तोंडापासून खाली घेतला. म्हणाली, "त्याला धुतलंत?"

"हो."

"कोमट पाण्यानं?"

"हो."

"गार पाणी सोसायचं नाही त्याला," ती म्हणाली. आणि पेजेचा वाडगा तिनं माझ्यावर फेकला. इथं भुवईवर लागला. "मी त्याच्यावर बसले होते! मी त्याच्यावर पाय पसरून बसले होते आणि तुम्ही म्हणालात गाय!"

मूल किंचाळायला लागलं. ज्युदितानं तिला उचलून घेतलं. मी वाडग्याचे तुकडे वेचत होते, तर वालबुर्गा ओरडली, "राहू द्या ते! माझ्याकडे बघा! तीन आठवडे मी तुमच्या हातची भाकर खाल्ली!"

मी बघितलं. मी इतकंच म्हणू शकले की मला वाटलं तो माझा आहे.

"वाटलं होतं?" ती म्हणाली. "की पाहिजे होता?"

पुलावर ज्युदितानंही हेच म्हटलं होतं. मी उत्तर दिलं: पाहिजे होता.

१३ एप्रिल

ती माझ्याशी बोलत नाही. ज्युदिताकरवी निरोप आला: त्याला बाहेर काढायचं आणि यान्कोव्हच्या देवळाच्या आवारात नेऊन पुरायचं, फादरच्या हातून, घंटा वाजवून. ईस्टरनंतर.

हावेल म्हणाला, "फादरनं विचारलं की बागेत कसा आला, कुणी पुरला, काय म्हणून पुरला, तर? झडती झाली तर? मालकीण, आपल्या पंथाचं बंदी घातलेलं पुस्तक आहे घरात."

मी म्हटलं, "विचारलं तर विचारलं."

सतरा वर्षांत मी पहिल्यांदाच असं काही बोलले. धैर्यानं नाही. थकले होते.

१८ एप्रिल, मंगळवार

माती मीच काढली. हावेलला हात लावू दिला नाही. पाच आठवड्यांनी माणूस काय होतो ते लिहीत नाही. वालबुर्गाला मी दूर उभं राहायला सांगितलं. ती आली, वाकली, आणि डावा पाय पाहिला. तेवढंच पाहिलं. त्यावर आपला रुमाल टाकला.

सदरा तसाच राहू द्यावा का, मी विचारलं. सहा दिवसांत ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली: "कुणाचा आहे?"

"माझ्या नवऱ्याचा. लग्नातला."

"राहू द्या."

गाडीत घातलं. आवाराच्या फाटकाशी फादर उभे होते. तरुण आहेत, मोरावियातून आलेले, तीन गावं सांभाळतात, नेहमी सर्दी. त्यांनी विचारलं, "एवढे दिवस कुठं होता हा?"

हावेल पुढं झाला. "फादर, जमीन गोठलेली होती. मिळेल तिथं ठेवला."

"मिळेल तिथं म्हणजे?"

"बागेत, फादर."

"काही म्हटलं होतं का पुरताना?" त्यांनी विचारलं, आणि ते हावेलकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "गाणं म्हटलं होतं."

ते थांबले. नाक पुसलं. वालबुर्गाच्या काखेतलं मूल पाहिलं. मग घंटा वाजवणाऱ्याला हात केला आणि म्हणाले, "बरं झालं. काहीच न म्हणण्यापेक्षा बरं." त्यापुढं त्यांनी विचारलं नाही. उद्या विचारतील का, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर खड्डा दिसला. हावेल फावडं घेऊन निघाला होता. मी म्हटलं, आज नको.

१९ एप्रिल

गिरणीत दिवसभर शांत होतं. दुपारी मुद्दाम एकटी बसून राहिले, पीठ न चाळता, ऐकत. चाक आणि पाणी.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं नाही. काल सकाळपर्यंत माझा मुलगा मेलेला होता आणि माझ्या झाडाखाली होता. आज तो कुठंतरी आहे. कदाचित त्याच ओघळीत, फांद्यांखाली, मीच पाय धरून ओढलेला. कदाचित मोरावियात, घोड्यावर. कदाचित लेश्नोला, बायको आहे, त्याच्या मुलांना माझं नावही माहीत नाही. पुन्हा सगळं उघडं पडलंय. खड्डा मीच बुजवला, संध्याकाळ व्हायच्या आत.

२९ एप्रिल, शनिवार

वालबुर्गा आज गेली. मीठ घेऊन पासाउकडे जाणारा एक गाडीवाला तिला न्यायला तयार झाला. ज्युदितानं पिठाच्या पोत्याची झोळी शिवून दिली, त्यात बाळ. दोघी फाटकाशी गळ्यात पडून रडल्या. मी दाराशीच थांबले. माझ्याशी बोलायचं तिला काही कारण नव्हतं.

गाडी उभी होती, तरी ती परत अंगणातून चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली. राग होता अजून, लपवत नव्हती.

"मी वाटेत विचारीन," ती म्हणाली. "सामानगाड्यांवरच्या बायका सगळीकडे असतात, स्वीडी असो की आमच्या. त्यांना सगळं माहीत असतं. सांगा. कसा दिसतो तुमचा मुलगा?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला माहीत नाही. सव्वीस वर्षांचा माणूस मी पाहिलेलाच नाही.

"उंची?" तिनं विचारलं.

मी हात केला. माझ्या छातीपर्यंत.

ती त्या हाताकडे बघत राहिली. गाडीवाल्यानं शिट्टी घातली. ती हलली नाही. "पुढं," ती म्हणाली.

मग मी सांगत गेले. वरचा एक दात पडलाय, नवा अर्धा आलाय. डाव्या गुडघ्याला खपली आहे, सारखी काढतो. केस तांबूस, मागं भोवरा, कितीही ओले केले तरी उभे राहतात. झोपेत दात खातो. कुत्र्यांना घाबरतो, पण घाबरत नाही म्हणतो. जाताना टोपी उलटी घातली होती, मी सरळ करायला हाक मारली, तर बापानं त्याला पुढं ओढलं.

असल्या खुणांवर कुणी सापडणार नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. झोळी सावरून तिनं सगळं एकदा म्हणून दाखवलं, शब्द न शब्द, खपली, भोवरा, कुत्री, उलटी टोपी, विसरू नये म्हणून बोटांवर मोजत.

"बरोबर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो. हाच."